बहुतेक मॅडम

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग नाव-गाव. कुमुद मॅडमना अक्काने पहिल्यांदा तांब्या दिला तेव्हा त्या अर्धं पाणी प्यायल्या. मग पिशवीतून औषधाच्या बाटलीएवढी एक बाटली काढली, उरलेलं पाणी तिच्यात काठोकाठ भरलं, बूच घट्ट बसवलं, वर चिकटपट्टी लावून काहीतरी लिहिलं आणि बाटली पिशवीत टाकली. जणू पाहुणे पाणी असंच पितात.

अक्का म्हणजे माझी बायको. सगळं गाव तिला अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणतो. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत मला दोन शंका दिसल्या. ही बाई एकतर करणी करते, नाहीतर आपल्या पाण्यात खोट काढते. करणी परवडली. पाण्याला नाव ठेवलेलं मी खपवून घेत नाही. ती विहीर मी आणि माझ्या थोरल्या भावाने खडक फोडून काढली आहे. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत तसं गोड पाणी नाही. ज्याला पटत नसेल त्याने येऊन प्यावं.

"पाण्यात काही कमी आहे का, मॅडम?"

"नाही हो नाना, छान आहे."

"मग बाटलीत कशाला कोंडलं?"

"पिसाशी जुळवून बघायचंय."

पीस आणि पाण्याचा काय संबंध ते माझ्या ध्यानात आलं नाही, पण मी तसं दाखवलं नाही. "छान आहे ना पण? नक्की?"

"बहुतेक," मॅडम म्हणाल्या.

तिथे आमचं भांडण सुरू झालं.

त्याच दिवशी सकाळी मी त्यांना माझ्याच माळावर पकडलं होतं. आमचं गाव पारोळ्याहून धुळ्याकडे येताना लागतं आणि गावाबाहेर, घराला लागूनच, माझा गवताचा माळ आहे. दिवाळी झाली की कापणी करायची, गंज्या घालायच्या, म्हशींची वर्षाची बेगमी. त्या वर्षी मजूर मिळाले नाहीत, म्हणून मधला सखल पट्टा उभाच राहिला होता. कमरेइतकं गवत. माघातली थंडी, ऊन नुकतं वर आलेलं, आणि त्या पट्ट्यात एक बाई रांगत होती. खरंच रांगत होती, हातापायांवर, तोंडाने काहीतरी पुटपुटत. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, तो पडू नये म्हणून मागून दोरी बांधलेली. बांधाला आकाशी रंगाची जुनी स्कूटर टेकवलेली.

"काय हरपनं व बाई?" मी ओरडलो. बाईमाणसाचं काही हरवतं ते सोन्याचंच, असं मला वाटलं.

बाईने मान वर केली. दातात कागदी पाकीट धरलं होतं. ते काढून म्हणाल्या, "माझं नाही हरवलं. पाखरांनी टाकलंय."

बोटभर लांब एक राखाडी पीस माझ्यासमोर धरलं.

तोपर्यंत बांधावर चार माणसं जमली होती. गावात ठरून गेलं की ही सोलर कंपनीची बाई आहे आणि माळ मोजायला आली आहे. माळ सोलरला द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून मी आवाज चढवला. मॅडमनी शांतपणे वनखात्याचा परवाना काढून माझ्या हातात दिला. चौथीच्या पुढे शाळेने मला बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. त्यात तो कागद इंग्रजीत. मी तो बराच वेळ पाहिला, मागची बाजूही पाहिली, आणि "बरोबर आहे" असं म्हणून परत दिला. लोकांनी माना डोलावल्या.

मॅडम धुळ्याच्या एका कॉलेजात रसायन शिकवायच्या. पाखरांचा नाद त्यांना उशिरा लागला, तोही पाण्यामुळे. त्यांचा खरा जीव पाण्यावर. हे सगळं कळलं ते ओट्यावर, कुसळं काढताना. आमच्या माळातून कोणी चालून आलं की कपड्यांना कुसळं चिकटतात, आणि ती एकेक करून ओढूनच काढावी लागतात. मॅडम तर रांगून आल्या होत्या. अक्का त्यांच्या सलवारीची एक बाजू धरून बसली, त्या दुसरी. आमच्याकडे माणसाची ओळख व्हायला कुसळांसारखं दुसरं काही नाही. काढून होईपर्यंत उठता येत नाही, मग बोलावंच लागतं.

"मालक काय करतस?" अक्काने विचारलं.

"या वेळेला? बहुतेक झोपले असतील."

"पोरंबाळं?"

"एक मुलगी आहे. नाशिकला. सुखात आहे, बहुतेक."

"पोरगी सुखात शे का नई, हाई मायले नक्की म्हाईत पाहिजे," अक्का म्हणाली.

"अक्का, तुमची मुलगी फोनवर सगळं खरं सांगते?"

अक्काने एक कुसळ ओढून काढलं. मग एकदम हसायला लागली. त्या दिवसापासून ती माझी न राहता मॅडमची झाली.

आता ती पिसांची गोष्ट. माझ्या डोक्यात ती ज्या रीतीने गेली त्याच रीतीने सांगतो. त्या पट्ट्यात जी पाखरं उतरत, त्यांना पुस्तकात भोवत्या म्हणतात. आम्ही चोच वाकडी दिसली की सरसकट ससाणा म्हणायचो. हा भोवत्या दिवसभर रानावर खालून खालून घिरट्या घालतो, नाकतोडे, उंदीर खातो, आणि दिवस मावळला की झाडावर जात नाही, गवतात जमिनीवर झोपतो. दिवाळीच्या सुमाराला येतो, उन्हाळा लागला की जातो. मॅडमचं म्हणणं, तो रशियाच्या खालच्या गवताळ मुलखातून येतो, तिकडेच जन्मतो. माझं म्हणणं, काही नाही, उन्हाळ्यात सातपुड्यात वर जातो, थंडीत खाली येतो. आमच्या मेंढपाळांसारखा.

"तुम्ही पाहिलंत त्याला सातपुड्यात?" मॅडम विचारायच्या.

"तुम्ही पाहिलं त्याला रशियात?"

"नाही. म्हणून तर पीस बघायचं."

त्यांनी सांगितलं, पाणी सगळीकडे सारखं नसतं. काही जड असतं, काही हलकं. आपल्याला जिभेवर कळत नाही, मशीनला कळतं. ढग म्हणजे बैलगाडी. समुद्रावरून भरून निघाला की जड पोती आधी उतरवतो, हलकी शेवटपर्यंत नेतो. म्हणून समुद्रापासून लांब, उत्तरेच्या थंड मुलखात हलकं पाणी पडतं, आपल्याकडे त्यापेक्षा जड. ते पाणी गवत पितं, गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला भोवत्या खातो, आणि त्याचं पीस वाढतं. वाढून झालं की पीस नखासारखं मेलेलं असतं, त्यात पुढे काही शिरत नाही, काही निघत नाही.

"पीस म्हणजे झाकण लावलेली बरणी," मॅडम म्हणायच्या. "जिथं भरली तिथला माल. मग बरणी घेऊन कुठंही हिंडा."

हे मला पटलं, पण लगेच पटलं म्हटलं तर माणूस हलका ठरतो. मी म्हटलं, "मग माझी मिशी तपासा. बघू काय सांगते."

"तपासता येईल की. मिशी म्हणजे पीसच, फक्त रुबाब जास्त. द्या एक केस."

मी मागे सरकलो. मिशीचा केस म्हणजे काय तुळशीचं पान आहे, कोणी मागितलं आणि खुडून दिलं? अक्का म्हणाली, "बाई, कात्री आणू का?" मी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेलो. पुढे कितीतरी दिवस मॅडम आल्या की आधी माझ्या मिशीकडे पाहायच्या आणि पिशवीत हात घालायच्या. मी तोंडावर उपरणं घ्यायचो.

त्यांचं येणं असं सुरू झालं. रविवारी, कधी कॉलेजची सुट्टी असली की मधल्या वारी. सकाळी थंडीत धुळ्याहून स्कूटर घेऊन यायच्या. त्या स्कूटरचा आवाज लांबून यायचा आणि अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. बाई वाळल्या लाकडासारखी, पण ठेचा खायची तो माझ्या बरोबरीने. डोळ्यांतून पाणी वाहायचं, चष्मा धुरकट व्हायचा.

"तिखट झालं का व?" अक्का विचारायची.

"बहुतेक," म्हणून आणखी घ्यायच्या.

या "बहुतेक"ने मला फार छळलं. मी विचारायचो, आज पाऊस येईल का? बहुतेक नाही. ही वाट धुळ्याला जाते का? बहुतेक. अहो, तुम्ही त्याच वाटेने आलात! एकदा मी चिडून म्हटलं, "मॅडम, तुमचं नाव कुमुद नक्की ना?" तर म्हणाल्या, "आईने तसं सांगितलंय. मी तेव्हा फार लहान होते." गावातल्या पोरांनी त्यांचं नावच बहुतेक मॅडम पाडलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा खूश झाल्या. म्हणाल्या, "नाना, माझ्या मशीनला विचारलं तर तेही एवढंच म्हणतं. पीस मुलूख सांगतं, गाव सांगत नाही. त्यापुढे बोलायचं असेल तर माणसाला खोटं बोलावं लागतं."

मी म्हटलं, "आमच्यात असं बोललं तर पोरीचं लग्न जमणार नाही. मुलगा चांगला आहे का? बहुतेक!"

"खरं तर तेवढंच सांगता येतं," मॅडम म्हणाल्या, आणि त्या आणि अक्का एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की मला तिथे बसणं अवघड झालं.

त्या पाखरांत एक नर होता. राखाडी-पांढरा, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. त्याच्या डाव्या पंखातलं मधलं एक पीस अर्ध्यावर तुटलेलं होतं. उडताना तिथे फट दिसायची, पुढचा दात पडल्यासारखी. माझाही पुढचा दात नाही. मी त्याचं नाव दातपड्या ठेवलं. पहिल्या माघात मी त्याला ओळखायला लागलो. संध्याकाळी बाकीचे थेट पट्ट्यावर यायचे, हा आधी माझ्या विहिरीवरून एक फेरी मारायचा. उन्हाळा लागला आणि सगळे गेले, तोही गेला.

पुढच्या दिवाळीनंतर पाखरं परत आली आणि त्यांत फटीचा पंख दिसला. मी धुळ्याला फोन लावला. "मॅडम, दातपड्या आला! आता बोला. माझा म्हणून माझ्या माळावर आला. परदेशी पाखरू कशाला माझी विहीर शोधत येईल?"

"तोच आहे?"

"तोच. नक्की."

"बहुतेक तोच," मॅडम म्हणाल्या.

पण त्या वर्षी पेच वेगळा होता. माझा मुलगा संजय याने गवत कापायचं मशीन आणलं होतं. मजुरांची अडचण मिटली. दोन दिवसांत माळ साफ होणार, मधला पट्टाही. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्या मला समजावू लागल्या, की आजूबाजूचे माळ नांगरले गेले, काहींवर सोलरच्या काचा आल्या, एवढी पाखरं एकत्र झोपतील असा दुसरा पट्टा त्यांना धुळे-पारोळ्याच्या मध्ये सापडलेला नाही. हा गेला तर ती कुठे जातील ते ठाऊक नाही, आणि त्यांचं कामही तिथेच संपलं. संजय म्हणाला, "मॅडम, म्हशी पिसं खातीन का?" त्याचंही खोटं नव्हतं.

मला कोणी समजावलं की मी ऐकत नाही. माझा माळ, माझं गवत. मी म्हटलं, "आपल्या गावची पाखरं असती तर गोष्ट वेगळी. तुम्हीच म्हणता परकी आहेत. परक्यांसाठी घरच्या म्हशी उपाशी ठेवू?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "परकी आहेत म्हणून तर जपायची! पाहुणे आहेत ते!"

"आहेत इथलीच. तुमचं मशीन खोटं."

"मशीन खोटं? लावा पैज!"

पैज म्हटलं की माझ्या अंगात येतं. ठरलं असं, की दातपड्याचं पीस मिळवायचं आणि तपासायचं. पीस बाहेरच्या पाण्यावर वाढलेलं निघालं तर पाखरं जाईपर्यंत पट्ट्याला विळा लावायचा नाही. इथल्या पाण्यावर वाढलेलं निघालं तर दुसऱ्या दिवशी मशीन घालायचं, मॅडमनी शब्द काढायचा नाही. निकालापर्यंत पट्टा उभा.

"बाहेरचा निघेल, नाना."

"बहुतेक म्हणा," मी डिवचलं.

"नक्की!" मॅडम म्हणाल्या. "नक्की बाहेरचा!"

अक्काने तोंडावर पदर घेतला.

पीस मिळायला फार थांबावं लागलं नाही. एका सकाळी मी पट्ट्यात गेलो तर पाखरं झोपतात तिथल्या दबलेल्या गवतात ते पडलेलं. राखाडी, अर्ध्यावर तुटलेलं. दातपड्याचंच, त्यात मॅडमनाही शंका नव्हती, कारण त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी पाहिलं, फट आता मुळापर्यंत गेली होती. मॅडमनी ते चिमट्याने कागदी पाकिटात घातलं. तपासणीला कडेचा एवढासा तुकडा लागतो. उरलेलं मला द्या, टोपीत खोवतो, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "खोवा की. वनखातं टोपीसकट नेईल, आत डोकंही असेल."

पाकीट लांबच्या प्रयोगशाळेत गेलं. इकडे गवत वाळत होतं. संजय रोज जेवताना म्हणायचा, "नाना, वाळी चाललं." भाकरीच्या घासाबरोबर मी ते गिळायचो. रिकामटेकडी माणसं पारावर विचारायची, काय नाना, पाखराचा पासपोर्ट आला का? मी म्हणायचो, आलाच समजा, आणि त्यावर आपल्याच गावचा शिक्का आहे.

संक्रांतीच्या आधी स्कूटर वाजली. अक्काने भाकरी वाढली, ठेचा वाढला. मॅडमनी भाकरी मोडली आणि ठेच्याला हात लावला नाही. तेव्हाच मला समजलं की काहीतरी झालं आहे.

"नाना, तुम्ही जिंकलात," त्या म्हणाल्या.

माझा विश्वास बसेना. मला आतून वाटत होतं की बाई शिकलेली आहे, हरणार मीच. मी मिशीवर हात फिरवला. "सांगत नव्हतो?"

"ते पीस आपल्याकडच्याच पाण्यावर वाढलंय." मग त्या हसल्या, स्वतःलाच. "मी पाणीवाली, नाना, पाखरांचं मला अर्धवट कळतं. निकाल बघून चक्रावले. पाखरांचा अभ्यास करणाऱ्या एका मैत्रिणीला फोन केला, तर तिने मला वेड्यात काढलं. भोवत्या सगळी पिसं एका ठिकाणी बदलत नाही. काही उन्हाळ्यात तिकडे, आणि उरलेली हिवाळ्यात इकडे येऊन. पंखातलं हे मधलं पीस बहुतेक इकडचंच. मागच्या हिवाळ्यात इथे उगवलं, इथेच तुटलं, रशियापर्यंत जाऊन आलं आणि परत इथे गळलं. मी नेमक्या त्या पिसावर पैज लावली. तीही नक्की म्हणून!"

"म्हणजे तो बाहेरचा आहेच?" संजय म्हणाला.

"छातीची बारीक पिसं मी त्याच जागेवरून उचलली होती. त्यांत तिकडचं हलकं पाणी आहे. ती कुठल्या पाखराची ते सांगता येत नाही. पण पैज या पिसाची होती, आणि हे पीस इथलं आहे. नाना जिंकले."

बाईंना हे सांगायची गरज नव्हती. कागद इंग्रजीत होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरून "बाहेरचा" म्हटलं असतं तर मी मागची बाजू पाहून "बरोबर आहे" म्हटलं असतं, आणि पट्टा वाचला असता. हे त्यांनाही माहीत होतं. त्या उठल्या, बांधापर्यंत गेल्या, गवताकडे पाहत राहिल्या. परत येऊन एवढंच म्हणाल्या, "मशीन सकाळी उशिरा घाला, संजयभाऊ. पाखरं उठून गेल्यावर. झोपेत नको."

संजय मान खाली घालून उभा. मी जिंकलो होतो आणि मला बसायला जागा सापडत नव्हती.

अक्का चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "बाई, एक सांगा. त्यानं पीस आठे वाढनं, आणि जनम तठे, असंच ना?"

"बहुतेक तसंच."

"म्हंजे तठलं माहेर शे."

"तसं म्हणता येईल."

"मंग आपण सासर व्हयनूत." अक्का भाकरी उलटत म्हणाली. "माहेर सोडीसन इतलं दूर येस ते पाखरू. सासरनी गादी काढी लेवानी का त्यानी अंगखालतून? लोक काय म्हनतीन?"

मी तेच म्हणणार होतो. अक्का नेहमी माझ्या आधी बोलते, ही तिची जुनी खोड आहे. मी लगेच उठलो आणि संजयला सांगितलं, की पैज मी जिंकलो आहे, तेव्हा पट्ट्याचं काय करायचं ते मीच ठरवणार. पाखरू आपल्या पाण्यावर वाढलेलं आहे हे आता मशीननेही कबूल केलं. आपल्या घरच्या पाखराच्या अंथरुणाला विळा लागणार नाही. भोवतालचं गवत काप, कमी पडलं तर कडबा आणू.

"नाना, इथलं म्हणजे तुमच्याच विहिरीचं असं नाही हं," मॅडम घाईने म्हणाल्या. "अशा पाण्याचा पट्टा फार मोठा आहे. पीस मुलूख सांगतं, गाव..."

"गाव आम्ही सांगू," अक्का म्हणाली. "तुम्ही ठेचा खा."

मॅडमनी ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहिलं. तिखट झालं होतं, बहुतेक.

त्यानंतर पट्ट्याला पाखरं जाईपर्यंत मशीन लागलं नाही. संजय कुरकुरतो, पण पारावर पाहुण्यांना पट्टा दाखवतो तोच.

मॅडम त्याच उन्हाळ्यात कॉलेजातून निवृत्त झाल्या. रांगून रांगून गुडघे गेले होते, स्कूटर झेपेना. मुलगी त्यांना आणि त्यांच्या मालकांना नाशिकला घेऊन गेली. जाण्याआधी त्या शेवटच्या आल्या तेव्हा अक्काने कुसळं नसताना त्यांना कुसळं काढायला बसवलं. बराच वेळ दोघी एक कापड हातात धरून बसल्या होत्या. मी उपरण्याच्या टोकात धरून मिशीचा एक केस उपटला आणि कागदाच्या पुडीत घालून मॅडमच्या पिशवीत टाकला. दुखलं. मी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर पाखरं आली. मी रोज संध्याकाळी विहिरीवर उभा राहायचो. राखाडी नर आले, एकाहून एक देखणे, पण फट कोणाच्याच पंखात नाही. मग माझ्या ध्यानात आलं. फटीचं पीस तर मीच उचलून दिलं होतं. त्याच्या जागी नवं वाढलं असणार, अख्खं. आता दातपड्याला सगळे दात आले होते आणि मला त्याची पक्की खूण उरली नव्हती.

थंडी ओसरायच्या आत मी नाशिकला गेलो. एसटीत मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन. कंडक्टर म्हणाला, "बाबा, नाशिकला गोदावरी आहे." मी म्हटलं, "असू दे."

मॅडम खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. चष्म्याची दोरी तीच. मी पेला भरून दिला. माझी नजर त्यांच्या पिशवीकडे गेली, की आता अर्धं प्यायतील आणि बाटली काढतील. त्यांनी पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"बाटली नाही भरली?" मी विचारलं.

"कशाला? हे पाणी मी ओळखते."

"नक्की?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एकदा पोळलेलं तोंड होतं ते. "नक्की," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "मिशीचा केस मिळाला. तपासला नाही. रांगेत आधी पाखरं आहेत."

मी उपरणं सारखं केलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोर सगळ्या इमारती.

"दातपड्या आला का हो नाना?"

धुळ्यापासून नाशिकपर्यंत मी याच प्रश्नाचं उत्तर घोकत होतो. आला म्हणायचं, तोच म्हणायचं, नक्की म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल. पण ज्या बाईने जिंकायचं असूनही मला कागद खोटा वाचून दाखवला नाही, तिच्यासमोर जीभ रेटेना.

"एक आला आहे," मी म्हटलं. "पंख अख्खा आहे. गवतात उतरायच्या आधी विहिरीवरून एक फेरी मारतो."

"तोच?"

शब्द तोंडात आला आणि दातांच्या फटीत अडकला. डिवचायला सोडून आयुष्यात कधी वापरला नव्हता.

"बहुतेक," मी म्हणालो.

मॅडम इतक्या हसल्या की आतून मुलगी धावत आली, काय झालं, काय झालं म्हणत. त्यांना सांगता येईना. डोळे पुसत त्यांनी रिकामा पेला माझ्यापुढे धरला. मी तो काठोकाठ भरला.